दोघांपुरती जागा

संध्याकाळी दुकान बंद करताना नवरा आरशात बघून भांग पाडायला लागला, तेव्हापासून शिवणवालीच्या पोटात दुखायला लागलं. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान आणि तिचं शिवणाचं, दोन्ही एकाच भिंतीला टेकलेली. लग्नाला वीस वर्षं झाली, पण बायकोबरोबर बाहेर पडताना या माणसाने कधी फणीला हात लावला नव्हता. आता म्हणे कोर्टासमोर मुकाट्याने उभं राहायचं, तर त्याला भांग हवा!

उभं राहण्यामागचं कारण खरं होतं, ते तीही नाकारत नव्हती. शाळेतले भूगोलाचे मास्तर नदीत सोडलेल्या घाण पाण्याविरुद्ध पाटी घेऊन बसले, म्हणून त्यांना आत टाकलं होतं. त्यांना सोडा म्हणून रोज संध्याकाळी निम्मं गाव कोर्टासमोर उभं राहायचं. मग नवा कायदा आला. एका कारणासाठी तिघं एकत्र उभे राहिले, की तो बेकायदा जमाव. तोंड उघडं असो की मिटलेलं, तुरुंग ठरलेला. दोघांवर मात्र गुन्हा बसत नव्हता. बाकीच्यांनी कानाला खडा लावला आणि उरले नेमके दोघं. एक हिचा नवरा आणि दुसरी दातांची डॉक्टरीण.

ही 'दातवाली' (नाव अर्थात शिवणवालीनेच ठेवलेलं) एकटी राहायची, उंच होती, आणि हसली की तिचे सगळे दात दिसायचे. दातांच्या डॉक्टरचे दात चांगले असणारच, त्यात काय एवढं, अशी शिवणवाली स्वतःची समजूत घालायची. पण नवरा जेवताना म्हणायचा, "डॉक्टर आज म्हणाल्या..." आणि हिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

"मुक्याने उभं राहता ना? मग ती म्हणते कधी?"

"येता-जाता बोलतो, अगं."

"म्हणजे येणं-जाणंसुद्धा बरोबर! उद्या मीही येते."

"तू कशी येणार? तिघं झालो की गुन्हा."

हा कायदा सरकारने केला की दातवालीने, असा प्रश्न तिला पडला.

एके दिवशी तिला राहवेना. अर्धवट शिवलेला गणवेश मशीनवर तसाच टाकून ती निघाली आणि कोर्टासमोरच्या फुटपाथवर, झेरॉक्सच्या दुकानाआड उभी राहिली. पलीकडे ते दोघं पाटीचं एकेक टोक धरून उभे होते. 'मास्तरांना सोडा.' दोघांची नजर समोर. एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हते, आणि तिला तेच जास्त लागलं. न बघता, न बोलता शेजारी उभं राहायला जमतं ते ज्यांचं सगळं बोलून झालेलं असतं त्यांनाच. तेवढ्यात दातवालीने हात लांबवला आणि नवऱ्याच्या खांद्यावरचा सुटलेला दोरा अलगद काढून टाकला.

तो शर्ट शिवणवालीने शिवला होता. त्याचा दोरा काढायचा की ठेवायचा, हे ठरवणारी ही कोण? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाड्यांमधून वाट काढत ती तरातरा पलीकडे गेली आणि दोघांच्या बरोबर मधे घुसून उभी राहिली.

"अगं, जा इथून!" नवरा पुटपुटला.

"का? अडचण होते माझी?"

कोर्टाच्या फाटकाशी हवालदार रोज बाकड्यावर पेंगत बसायचा. दोघांचं त्याला काही करता येत नव्हतं. तिसरं डोकं दिसताच तो ताडकन उठला, आणि थोड्याच वेळात तिघंही ठाण्यात होती.

ठाण्याचे साहेब मवाळ निघाले. "बाई, निदर्शनाला आला होतात की नवऱ्याला घरी न्यायला? न्यायला आले म्हणालात तर उरतात दोघं. दोघांवर माझ्याकडे कलम नाही, सगळे घरी जा. नाहीतर सगळे आत."

तिने तोंड उघडायच्या आत नवरा घाईघाईने म्हणाला, "साहेब, हिचा आमच्याशी काही संबंध नाही. हिला यातलं काही कळतही नाही."

आमच्याशी! बिचारा वाचवायलाच बोलला होता. पण वीस वर्षं 'आम्ही' म्हणजे तो आणि ती, आणि आज त्या शब्दात दातवाली बसली आणि ही बाहेर.

"त्यांना बोलू द्या ना," डॉक्टरीण म्हणाली. "त्या का आल्या, ते त्यांनाच माहीत."

आपली बाजू घ्यावी तर हिनेच घ्यावी, याचाही शिवणवालीला राग आला. "जळून आले, साहेब," ती म्हणाली. "मला वाटलं, यांचं आणि या बाईचं काहीतरी आहे."

हवालदार फिस्सकन हसला. नवऱ्याचे कान लाल झाले. डॉक्टरीण हसली नाही. साहेबांनी तिघांनाही सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याच्या आधी दुकान बंद केलं. डॉक्टरीण एकटीच उभी होती.

"ते टोक द्या इकडे," शिवणवाली म्हणाली.

"अजून रागावलाय माझ्यावर?"

"रागावले तर आहेच. पण मास्तर आत आहेत, तेही खरंच आहे. आणि मला यातलं काही कळत नाही, असं चारचौघांत सांगितलं गेलंय. ते मी तसंच राहू देणार नाही."

दोघी समोर बघत उभ्या राहिल्या. इथून समोरचा फुटपाथ नीट दिसत होता. काल ती तिथेच उभी होती, पण तिला एक बाई सोडून काही दिसलं नव्हतं. बसथांब्यावर औषधवाला होता, बस आली तरी चढला नाही. शाळेच्या मुख्याध्यापिका एका बंद दुकानाच्या पायरीवर होत्या. अशी कितीतरी माणसं एकमेकांपासून अंतर राखून उभी होती, आणि सगळ्यांचे डोळे पाटीवर.

मग भांग पाडलेला नवरा आला. आपली जागा भरलेली पाहून तो झेरॉक्सच्या दुकानापाशी थबकला. कधी बायकोकडे, कधी डॉक्टरणीकडे बघत राहिला, आणि त्याचा चेहरा पडला. काल आपला चेहरा असाच दिसत असणार, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला मनापासून बरं वाटलं.

पण नवऱ्याला उभं राहवेना. त्याने फुटपाथवरून रस्त्यात पाय टाकला. इकडे हवालदार बाकड्यावरून उठला.

इतके दिवस तिला एवढंच हवं होतं, की त्याने सगळं सोडून आपल्याकडे यावं. आता तो येत होता. तिने पाटी घट्ट धरली आणि मान हलवली. नका येऊ.