देवदारांच्या रानातला सुस्कारा

सी बुअझ्झाने करवतीच्या पेट्रोलच्या टाकीचे झाकण दोन बोटांनी पिळले आणि आतून सुस्कारा आला. स्स्स. देवदारांच्या मधल्या मोकळ्या जागेत जमलेला सारा गाव एक पाऊल मागे सरला.

"ऐकलंत? जिन बाहेर पडला," बुअझ्झा म्हणाला. हा पीराच्या थडग्याची देखभाल करी, तावीज लिही; म्हणून सारे त्याला आदराने 'सी' म्हणत. "वाट सोडा त्याची. हम्मू, तू आधी बाजूला हो. तुझ्या पोटात त्याला जागाच जागा आहे."

लोक भीत भीत हसले. माझ्या थोरल्या भावाने, अस्सूने, दोरी ओढली. पेट्रोलवर चालणारी ती करवत गरजली, तिची साखळी ओंडक्यात शिरली, तांबूस भुसा उडाला आणि रानभर देवदाराचा वास पसरला. बायांनी आनंदाने किलकारी दिली. बुअझ्झाच्या काखेत दक्षिणा म्हणून मिळालेली कोंबडी होती. तीही गप्प बसून पाहत असावी असे मला वाटले.

पण थोड्याच वेळात करवतीचा आवाज खाली आला आणि ती लाकडातच रुतून थांबली. असे आठवडाभर चालले होते. दादाने साखळीला धार लावली होती, प्लग बदलला होता, हवेची जाळी धुतली होती. लाकूडतोड्यांच्या संघाची ती एकुलती करवत, आणि बर्फ तर डोंगराच्या माथ्यावर येऊन टेकले होते.

"मोकळी असली की गुरगुरते, लाकडाला भिडली की मान टाकते," बुअझ्झा म्हणाला. "हे यंत्राचं दुखणं नाही. हिला बाईनं ओलांडलंय."

आमच्याकडे कुऱ्हाड किंवा करवत बाईने ओलांडायची नसते. आठवड्यापूर्वी एके दिवशी दादाने करवत उंबऱ्यातच टाकली होती आणि तूदावहिनी पाणी घेऊन आत आली होती. ही गोष्ट तिनेच झऱ्यावर हसत हसत सांगितली होती. आता ती सर्वांना एकाच वेळी आठवली.

"तिला माहेरी धाडा," बुअझ्झा म्हणाला. "नाहीतर आज करवत, उद्या अस्सूचा हात. आणि टाकीत पेट्रोल मीच ओतणार. झाकण दुसऱ्या कुणी उघडलं तर जिन डोळ्यांत शिरतो."

संध्याकाळी वहिनी चुलीपाशी लोकर पिंजत होती. दादा तिच्याकडे पाहत नव्हता.

"दोन्ही हातांत बादल्या होत्या माझ्या," ती म्हणाली. "उडून आत यायचं होतं का मी?"

"लोक म्हणतात..."

"लोकांना नाही विचारलं. तुम्हाला विचारतेय."

दादा उठला आणि खेचराला चारा घालायला गेला. चारा तर केव्हाच घालून झाला होता.

मग ती मला म्हणाली, "भावजी, तो सुस्कारा बाहेर येतो की आत जातो?"

"म्हणजे?"

"कढवलेलं लोणी गरमच डब्यात भरलं, घट्ट बंद केलं, तर थंड झाल्यावर झाकण धरून बसतं. उघडताना असंच स्स करतं. तेव्हा डब्यातनं काही बाहेर येत नाही. वाराच आत शिरतो." तिने लोकरीचा एक हलका धागा माझ्या तळहातावर ठेवला. "तोंडाशी धरून बघा."

सकाळी दादाने तिला खेचरावर बसवले. उतारावरचे धुके तिला हळूहळू पुसत गेले.

पुढच्या वेळी करवत बंद पडली तेव्हा मी पुढे झालो. बुअझ्झाने झाकण सैल करताच धागा फटीशी धरला. तो आत वळला आणि दिसेनासा झाला.

"बाहेर पडणारा जिन लोकर आत कशी ओढतो?" मी दबक्या आवाजात विचारले.

"मोठ्यानं बोल रे झैद," हम्मूकाका ओरडले. "सोयरीक जमवायला आलायस का?"

मी पुन्हा विचारले.

"परत शिरतोय! बघा, बघा, परत शिरतोय!" बुअझ्झा हात उंचावून म्हणाला.

"काल बाहेर, आज आत," हम्मूकाका म्हणाले. "त्याचं बिऱ्हाड नक्की कुठं आहे, सी?"

त्या हशातच मी झाकण हाती घेतले. त्यात हवेसाठी एक बारीक छिद्र असते; ते राळेने आणि भुशाने बुजले होते. पेट्रोल खर्च होते तशी टाकीत हवा शिरली पाहिजे. ती शिरली नाही, तर आतली पोकळी पेट्रोलला मागे खेचून धरते. मोकळ्या करवतीला थोडेसे पेट्रोल पुरते, लाकूड कापताना मात्र ती उपाशी पडते. झाकण उघडले की हवा आत जाते आणि काही काळ सारे सुरळीत होते. म्हणूनच ते दुसऱ्या कोणी उघडायचे नव्हते; नाहीतर बुअझ्झाशिवायही करवत चालते हे दिसले असते. मी सुईने छिद्र मोकळे केले. दादाने अख्खा ओंडका कापला. आवाज जराही ढळला नाही.

"चालणारच!" बुअझ्झा म्हणाला. "ती गेली ना माहेरी!"

आणि लोकांनी सुटकेने माना डोलावल्या. पुरावा माझा होता, पण क्षणात तो त्याचा झाला.

मी राळेची गोळी बोटांत मऊ करून ते छिद्र पुन्हा बुजवले. "वहिनी अजूनही दोन डोंगरांपलीकडे आहे," मी म्हणालो. "आता कापा."

नव्या ओंडक्याच्या मध्यावर करवतीने मान टाकली. छिद्र मोकळे केले, ती चालली. पुन्हा बुजवले, पुन्हा थांबली. बुअझ्झाला नमाजाची वेळ आठवली; कोंबडी घेऊन तो निघून गेला.

रात्री जेवताना दादा म्हणाला, "कळलं रे मला."

"मग चल, वहिनीला आणू."

"आणू. आणि उद्या कुणाची गाय मेली तर? पोर तापानं फणफणलं तर? एकदा नाव घेतलं गेलंय तिचं. सगळे तिच्याकडेच बघतील." त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच परत ठेवला. "करवत सुईनं सुधारली. गाव कशानं सुधारू?"

तो गेला नाही. मी एकटाच गेलो. वहिनी अंगणात होती. सारे ऐकून तिचा चेहरा क्षणभर उजळला. "धागा आत गेला ना? वाटलंच होतं मला!" मग तिने माझ्या मागच्या रस्त्याकडे पाहिले.

"ते नाही आले?"

ती आत गेली आणि माझ्यासाठी चहा ठेवू लागली.

मला सांगायचे आहे ते एवढेच. बंद पडलेल्या यंत्राचे कारण यंत्रात शोधा. कोणी माणसाकडे बोट दाखवले तर आधी पुरावा मागा, आणि तो त्याच दिवशी मागा. आम्हीही मागितला, पण तोवर ती उंबरा ओलांडून गेली होती.