माझं माहेर जवसाच्या शेतात

मी लाइन बोलतेय. फोनवरून नव्हे, समोरासमोर. इतकी वर्षं तुमच्या तोंडात आहे, पण माझी चौकशी कुणी केली नाही, म्हणून आज मीच सांगते.

माझं माहेर जवसाच्या शेतात. लॅटिन बोलणारे लोक जवसाच्या रोपापासून सूत काढत, त्या सुतावरून माझं नाव पडलं. इंग्रजीच्या घरात मी दोन दारांनी शिरले. एकदा दोरी म्हणून, आणि पुन्हा फ्रेंचांकडून रेघ म्हणून. मग काय, दिसेल त्या कामाला मला जुंपलं. मासे पकडायला मी, कवितेची ओळ मी, घराण्याची पिढी मोजायलाही मीच.

मराठीतही उसंत नाही. दुकानापुढची रांग मी, नळाचा पाइप मी. वीज गेली की "लाइन गेली" म्हणून माझ्या नावानं बोंब. परत आले की "आलीस का गं?" एवढंसुद्धा कुणी विचारत नाही.

पण एका घरात मी फार अवघडले होते. तिथल्या बाबांची हयात इमारतींचे नकाशे काढण्यात गेलेली. लेक म्हणाली, मी शिवणकाम करणार.

"ही काय लाइन झाली?" बाबा म्हणाले, आणि बापलेकीचं बोलणंच थांबलं.

"तुझ्या लेकीला सांग, पंखा बंद कर."

"आई, बाबांना सांग, तो मी लावलेलाच नाही."

आई बिचारी मधल्या मध्ये. तिनं देवापुढे हात जोडले आणि हे दोघं बोलेपर्यंत साखर सोडली. बिनसाखरेचा चहा घोट घोट पीत ती आशेनं दोघांच्या तोंडाकडे बघायची.

एका दुपारी लेकीनं पहिल्या गिऱ्हाइकाचं कापड टेबलावर पसरलं. जवसाच्या सुताचं, म्हणजे माझ्या माहेरचंच. असं कापड सरळ कापायचं तर त्यातला एक धागा अलगद ओढून काढतात आणि मागे उरलेल्या बारीक फटीवरून कात्री चालवतात. निम्म्यात धागा तुटला. टोक काही केल्या सापडेना. वाकडं कापलं तर कापड वाया, आणि दुसरं तर नव्हतंच. पोरीचे डोळे भरून आले.

बाबा पेपराआडून बघत होते. उठले, नकाशाचं भिंग घेऊन आले आणि टेबलावर वाकले.

"हे बघ, इथं दडून बसलंय. सुई दे."

"बाबा, हळू हं."

"मला शिकवतेस? जन्मभर सरळ रेघाच ओढल्यात. तू फक्त दिवा इकडे धर."

धागा शेवटपर्यंत सरळ निघाला. आईनं साखरेचा डबा खाली काढला.

तेवढ्यात काकांचा फोन. "काय रे, पोरगी सध्या कुठल्या लाइनला आहे?"

"आमच्याच," बाबा म्हणाले, आणि निघालेला धागा बोटाला गुंडाळत राहिले.

त्याच धाग्यानं लेकीनं कडेचा पहिला टाका घातला.

आता मी म्हातारी झालेय, तरी हवं ते काम सांगा, करीन. फक्त घरातल्या दोन माणसांच्या मध्ये मला आडवी ओढू नका. मी मूळची सूत आहे हो, शिवायला मला फार आवडतं.