रस्त्यापलीकडचा रहिवासी

मी आता धारला मास्तरकी करतो, पण वाढलो देवासात. तेव्हा तिथं दोन राज्यं नांदत, थोरली पाती आणि धाकटी पाती. आमच्या आळीत तर रस्त्याची एक बाजू एका दरबाराची, दुसरी दुसऱ्याची. आमचं घर धाकट्या पातीत, समोरचं भवानीआत्याचं थोरल्या पातीत.

१९०६ साली थोरल्या दरबारानं जाहीर केलं की आपल्या हद्दीत सलग तीन वर्षं राहिलेल्या मुलाची इंदूरच्या कॉलेजातली निम्मी फी दरबार भरेल. आत्या म्हणाली, "शरूला माझ्याकडचा लिहून टाकू."

"लिहायचं तर राहायलाही हवं," बाबा म्हणाले. "खोटा दाखला मला नको."

म्हणून वळकटी घेऊन मी रस्ता ओलांडला. आई ओट्यावर तांदूळ निवडता निवडता हाक मारी, "शरू, जेवलास का रे?" मी तोंड उघडायच्या आतच कोपऱ्यावरचा हलवाई ओरडे, "जेवला हो, माँजी!" आळीभर हशा पिकायचा.

तिसऱ्या वर्षी आईला विषमज्वर झाला. मी अकरा रात्री तिच्या उशाशी काढल्या. पुढं मॅट्रिक झालो आणि रहिवासाच्या दाखल्यासाठी आत्याबरोबर थोरल्या दरबाराच्या कचेरीत गेलो. तिथले कामदार, म्हणजे कारभारी, मानाजीराव यांनी विचारलं, "मधे कुठं मुक्काम हलला होता?"

आत्यानं माझा सदरा ओढला. तरी मी सांगून टाकलं, "अकरा दिवस. आई आजारी होती."

त्यांनी कलम खाली ठेवली. "भैया, मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं. आता ते दिवस भरून ये, मग दाखला देतो."

दाखला मिळेपर्यंत फीच्या सवलतीची मुदत टळली. पहिल्या सहामाहीत थोरल्या दरबाराच्या लेखी मी परमुलखातलाच, म्हणून पुरी फी पडली. बाबांनी ती शिकवण्या करून भरली. दुसऱ्या सहामाहीपासून निम्मी लागू झाली आणि मी बी. ए. झालो.

कॉलेजच्या पहिल्या सुट्टीत देवासला आलो होतो, तेव्हा आईनं माझं अंथरूण आधीच घालून ठेवलं होतं. "आज इथंच ना?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. समोर आत्यानंही अंथरूण घातलं होतं, हे सकाळी कळलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.