माल्टेसाठी पुठ्ठ्याची टोपी

ज्याचं तोंड पाहायची इच्छा नव्हती, त्याच्या डोक्याचं माप घ्यायची वेळ गेसीनवर आली. माप चोरूनच घ्यावं लागतं. टोपी तयार होतेय हे होऊ घातलेल्या डॉक्टरला कळायचं नसतं. त्याला ते ठाऊक असतंच, पण ठाऊक नसल्याचं सोंग दोन्ही बाजू इमानेइतबारे वठवतात. माल्टे जेवायला गेल्यावर तिनं त्याचं सायकलचं हेल्मेट उचललं, आतून शिवणकामाची टेप फिरवली आणि जागेवर ठेवून दिलं. हेल्मेटला त्याच्या केसांच्या जेलचा वास येत होता. घरी जाऊन हात धुतले तरी तो वास जाईना.

डॉक्टरची टोपी विकत आणायची नसते. पीएचडीची तोंडी परीक्षा झाली की ती आपल्याच माणसांनी डोक्यावर ठेवायची आणि तीही घरी केलेली, पुठ्ठ्याची, डिंकानं चिकटवलेली. तिच्यावर त्या माणसाच्या गेल्या पाच-सहा वर्षांची लक्तरं टांगायची. मग ती टोपी घालून नव्या डॉक्टरनं एकेक वस्तू दाखवत सगळ्यांदेखत तिची गोष्ट सांगायची. सांगता आली नाही तर दंड म्हणून पेलाभर वाइन रिचवायची. प्रोफेसर आल्डेनहोफ यांच्या संशोधन गटात आणखी एक नियम होता: ज्याचा पुढचा नंबर, त्यानं टोपी करायची. पुढचा नंबर गेसीनचा होता. खरं तर आधीचा नंबरही तिचाच होता, पण तो प्रयोगशाळेतल्या फ्रीझरनं खाल्ला.

गोष्ट दोन हिवाळ्यांपूर्वीची. तीन उन्हाळे शेतात उकिडवं बसून तिनं गव्हाच्या मुळांचे नमुने गोळा केले होते आणि ते सगळे त्या फ्रीझरमध्ये ठेवले होते. नाताळच्या सुट्टीनंतर उघडून पाहिलं, तर सगळं एकदा वितळून पुन्हा गोठलेलं. फ्रीझर मात्र साळसूदपणे घरघरत होता. सुट्टीआधी प्रयोगशाळा शेवटी तिनंच बंद केली होती, त्यामुळे निकाल लागायला वेळ लागला नाही. सोमवारच्या बैठकीत प्रोफेसर आल्डेनहोफ म्हणाले, "गेसीन, फ्रीझरचं दार नीट लावायला डॉक्टरेट लागत नाही." सगळे हसले. ती स्वतःही हसली होती, आणि त्या हसण्याचा तिला अजून राग होता. तेव्हापासून गटात कुणाकडून काही उघडं राहिलं, अगदी बिस्किटांचा डबा, की म्हणायचे, "आज गेसीन आली वाटतं!"

गेल्या उन्हाळ्यात मात्र तिचं पेन घरंगळत फ्रीझरमागे गेलं. तिनं फ्रीझर ओढला, तर मागे प्लगवर वाळलेल्या पिठाचा ओघळ. गोडसर, पिवळट, वर पिठीसाखर. आता कुणीही शहाणा माणूस अशा वेळी हात आवरेल. पण गेसीनच्या आईनं तिला लहानपणापासून एकच शिकवलं होतं, घाण दिसली की पुसायची. तिनं फडकं घेतलं, प्लग लख्ख पुसला, आणि मग तिच्या डोक्यात उजेड पडला. नाताळच्या आधी गटाची मेजवानी असते. वॉफल, म्हणजे विजेच्या साच्यातला जाळीदार गोड केक, नेहमी माल्टे करतो. त्याचं टेबल त्या वर्षी फ्रीझरच्या खोलीच्या दाराबाहेरच मांडलेलं होतं. वॉफलच्या यंत्राला सॉकेट हवं होतं. आणि सुट्टीनंतर सगळ्यांत आधी माल्टेच आला होता, म्हणजे प्लग गुपचूप परत लावणाराही तोच.

पुरावा तिनं स्वतःच्या हातानं पुसला होता. तिचा करार सप्टेंबरअखेर संपत होता. मुदत वाढवून द्यायची की "निष्काळजी" म्हणून नारळ द्यायचा, हे आल्डेनहोफ ठरवणार होते. नुसतं बोट दाखवलं आणि ते सिद्ध झालं नाही, तर सप्टेंबरचीसुद्धा वाट पाहायला लागली नसती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तशी तिची गत झाली होती, आणि वर त्या चोरासाठी टोपी करायची होती.

शनिवारी दुपारी गटातले दोघे मदतीला तिच्या स्वयंपाकघरात आले. एन्नो केक घेऊन आला आणि बराचसा स्वतःच खात बसला. वीबके कात्री घेऊन आली.

गेसीननं खोक्याचा पुठ्ठा चौकोनी कापला, तसाच दुसरा कापून आडव्या रेघांवर उभ्या रेघा येतील असा चिकटवला, म्हणजे टोपीचा माथा वाकत नाही. वर काळं फेल्टचं कापड ताणून बसवलं. मग पट्टा. काळ्या कार्डशीटच्या पट्ट्याच्या वरच्या कडेला तिनं कात्रीनं खाचा पाडल्या, त्यांमधले तुकडे आत दुमडले आणि गरम गोंद लावून माथ्याला चिकटवले. प्रत्येक तुकडा ती अंगठ्यानं असा दाबत होती, की वीबकेला राहवेना.

"अगं, टोपी आहे ती. त्याचा गळा नाहीये."

"माहितेय मला."

"मोठी वाटतेय पण," एन्नो तोंडात केक ठेवूनच म्हणाला. "कानावर येईल त्याच्या."

"हेल्मेटवरून माप घेतलंय. त्याचं डोकं आत रिकामं आहे, हा माझा दोष नाही."

"आलं! जळतेस तू त्याच्यावर, दुसरं काय! एव्हाना तुझी टोपी व्हायची. पण दार लावायचं राहिलं, नाही का?" एन्नो हसला. त्याच्या पोटात काही नव्हतं, जे असेल ते ओठावर, आणि ओठावरचं बहुतेक वेळा असंच असायचं.

 गेसीन हिरव्या लोकरीचा गोंडा गुंडाळत राहिली. वीबकेनं टांगायच्या वस्तू काढल्या. तारेची सायकल, कारण माल्टेच्या तीन सायकली चोरीला गेल्या होत्या. बाहुलीचा कप, कारण तो कधीच कप धूत नसे. आणि वॉफल. वॉफल गेसीननं केलं. खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद भिजवून सोलला की आतल्या नळ्या उघड्या पडतात. त्यावर आडव्या पट्ट्या चिकटवून रंग दिला, की हुबेहूब.

"वा!" एन्नो म्हणाला. "हे मात्र झकास. वॉफलशिवाय माल्टे नाहीच."

मग गेसीननं खिशातून एक छोटा प्लग काढला. जुन्या खेळण्यातला होता, मागे बोटभर वायर. तिनं तो टोपीच्या कडेला चिकटवला.

"हे काय?"

"प्लग."

एन्नो क्षणभर पाहत राहिला आणि खो खो हसला. "फ्रीझर! स्वतःचीच खोड काढतेस! शिकलीस बाई शेवटी स्वतःवर हसायला!"

"हो ना," गेसीन म्हणाली, आणि तिनं त्या वायरचं टोक वॉफलच्या मागे खुपसून गोंद लावला.

वीबकेचे हात थांबले. एन्नो सिगरेट ओढायला गच्चीत गेल्यावर ती हळूच म्हणाली, "वायर वॉफलला का जोडलीस?"

"विजेशिवाय वॉफल होतं का?"

"गेसीन. खरं आहे हे?"

"खरं आहे."

"पुरावा?"

"नाही."

"मग आल्डेनहोफ तुला उभी चिरतील. काढ ते. कराराचा तरी विचार कर."

"दोन वर्षं केला." गोंदाचा एक थेंब बोटावर पडून चटका बसला, तरी तिनं बोट काढलं नाही. "त्याला त्या टोपीखाली उभं राहून सांगावं लागेल. खोटं बोलला तर निदान त्याचं तोंड तरी बघेन मी."

वीबकेनं मग कात्री पिशवीत घातली आणि त्या दिवशी एन्नोपाशी अवाक्षर काढलं नाही.

मंगळवारी माल्टे उत्तम गुणांनी पास झाला. व्हायचाच. त्याचे नमुने शाबूत होते. सभागृहात टेबलावर वाइन, ब्रेत्सेल नावाचे खारे पाव आणि त्याच्या आईनं आणलेलं बटाट्याचं सॅलड मांडलं होतं. ही आई, फ्राऊ म्हणजे श्रीमती ब्रोकमान, उंच, रुंद हाडाची बाई, पहाटेच्या गाडीनं गावाहून आली होती आणि आल्यापासून अनोळखी लोकांच्या ताटल्यांत सॅलड वाढत होती. टाळ्यांच्या गजरात गेसीननं टोपी माल्टेच्या डोक्यावर ठेवली. ती खरोखरच कानांवर आली. तो एका हातानं ती धरून, दुसऱ्या हातानं वस्तू चाचपत सांगू लागला. सायकली. कप. लोक हसत होते. माल्टे बोलायला गोडच होता, मेला.

"आणि हे वॉफल! सहा वर्षं मी तुम्हाला पोसलंय, कृतघ्नांनो!" मग त्याचं बोट वायरवरून सरकत प्लगवर आलं. त्यानं टोपी काढून पाहिली. आणि तो थांबला.

फार वेळ नाही. पण गेसीन त्याच्याकडेच पाहत होती, आणि तिनं ते पाहिलं.

"हा... हा गेसीनचा फ्रीझर," तो म्हणाला. "दार उघडं राहिलेला."

सगळे हसले. एन्नो तर टेबलावर थाप मारून हसला.

"दाराला प्लग कशाला?" गेसीननं विचारलं. "आणि वायर वॉफलला का गेलीय? नियम आहे माल्टे, सांगायला हवं."

हसू विरलं. माल्टेनं टोपी हातात फिरवली. "नाही बुवा माहीत."

"दंड!" एन्नो ओरडला. कुणीतरी पेला पुढे केला, माल्टे तो घटाघटा प्यायला, आणि सुटल्यासारख्या टाळ्या पडल्या. प्रोफेसर आल्डेनहोफ गेसीनजवळ सरकले. "पुरे आता," ते दबक्या आवाजात म्हणाले. "आजच्या दिवशी असला खवचटपणा शोभत नाही. तुमच्या कराराबद्दल मला विचार करायचाय, हे विसरू नका."

गेसीनचे कान तापले. तिला एवढंच कळलं, की पेला पिऊन माणूस सुटू शकतो, आणि तो नियम तिनं स्वतःच पुढे केला होता. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. ती कोट घ्यायला वळली.

"तुम्हीच गेसीन?" सॅलडचा चमचा हातात धरून फ्राऊ ब्रोकमान समोर उभ्या होत्या. चेहरा उजळलेला. "कधीची विचारेन म्हणत होते. मोजे बसले ना पायाला?"

"कसले मोजे?"

"लोकरीचे, निळे. मी विणलेले. माल्टेकडे दिले होते की तुमच्यासाठी!"

"आई," माल्टे खोलीच्या त्या टोकाहून म्हणाला. "आई, सॅलड संपलंय बघ इकडे."

"थांब रे. मिळाले नाहीत तुम्हाला?"

"नाही," गेसीन म्हणाली. "मला मोजे का विणलेत तुम्ही?"

बाईंना प्रश्नच कळेना. "का म्हणजे? एवढं नुकसान झालं तुमचं, आणि तुम्ही हसून माफ केलंत त्याला! तो जानेवारीत फोनवर रडत होता हो लहान पोरासारखा. म्हणे, आई, मी वॉफलसाठी प्लग काढला आणि परत लावायचा विसरलो, त्या मुलीचं सगळं गेलं. मी म्हटलं, रडतोस काय, जा आणि तिला सांग, तिच्या प्रोफेसरांना सांग. दुसऱ्या दिवशी म्हणाला, सांगितलं, मिटलं सगळं. मला इतकं बरं वाटलं, की त्याच दिवशी लोकर आणली मी." त्या बोलत होत्या खरं, पण खोलीत दुसरं कुणीच बोलत नाहीये हे त्यांच्या हळूहळू लक्षात येत गेलं. त्यांनी मुलाकडे पाहिलं. "माल्टे? सांगितलं होतंस ना तू?"

माल्टे जमिनीकडे पाहत होता.

फ्राऊ ब्रोकमाननी चमचा टेबलावर ठेवला. "माझी मान खाली घालायला लावलीस रे," त्या म्हणाल्या, आणि गेसीनकडे वळल्या. "मी तुमची माफी मागते."

"तुम्ही कशाला मागता? तुम्ही मोजे विणलेत." गेसीनला रडू आलं नाही, रागच आला, स्वच्छ आणि भरपूर. "त्याला मात्र मी माफ करणार नाही."

"गेसीन, मी सांगणारच होतो," माल्टे म्हणाला. "पण मग ती बैठक झाली, प्रोफेसर बोलले, सगळे हसले, आणि मग..."

"आणि मग तूही हसलास. सगळ्यांत मोठ्यानं."

प्रोफेसर आल्डेनहोफ खाकरले. "हे पाहा, प्रकार गंभीर आहे. उद्या सकाळी माझ्या खोलीत या, शांतपणे बोलू. मुदतवाढीचं काही अवघड नाही. वर्षभर, हवं तर दोन वर्षं."

दोन दिवसांपूर्वी हे शब्द ऐकले असते, तर गेसीननं त्यांचे हात धरले असते.

"मुदत तर तुम्ही द्यालच," ती म्हणाली. "पण खोलीत नाही. दाराचं तुम्ही सगळ्यांसमोर बोलला होतात. सगळे इथेच आहेत."

कुणी ब्रेत्सेललाही हात लावला नाही. एन्नोनं खाली पाहून टेबलक्लॉथवरची सुरकुती सारखी केली. प्रोफेसरांनी माल्टेकडे पाहिलं, मग त्याच्या आईकडे. ती बाई हाताची घडी घालून त्यांच्याचकडे पाहत होती.

"दार बंद होतं," प्रोफेसर म्हणाले.

"मागे ऐकू गेलं नाही," गेसीन म्हणाली.

त्यांचा चेहरा लाल झाला. पण ते सगळ्यांकडे वळले आणि वर्गात बोलतात तसं खणखणीत आवाजात म्हणाले, "गेसीननं दार बंद केलं होतं."