थंड हवेचं झाड

सुबोधने आईच्या मुठीतून एसीचा रिमोट काढून घेतला आणि तिचा हात पोचणार नाही असा कपाटावर ठेवला.

"माका थंडी वाजता रे," नलिनी म्हणाली.

"ब्लँकेट घे ना." त्याचं लक्ष खिडकीजवळच्या कुंडीकडे होतं.

कुंडीत सिंबिडियम होतं, कालिम्पाँगहून आणलेलं ऑर्किड. त्याला फुलायला थंड रात्री लागतात, आणि मुलुंडमध्ये फेब्रुवारी सरायच्या आतच पंख्याची हवा गरम होते. ऑर्किडवाल्यांच्या ग्रुपवर सगळ्यांनी सुबोधला वेड्यात काढलं होतं. हे झाड मुंबईत नुसती पानं दाखवतं, म्हणाले. तेव्हापासून तो हट्टाला पेटला. आपल्या खोलीत कुंडी ठेवून रात्रभर एसी लावायला त्याच्या बायकोने, क्षमाने, साफ नकार दिला. तिला सायनसचा त्रास. उरली आईची खोली. तिथे एसी बसला आणि पाहुणे भारावले. आईसाठी एवढं आजकाल कोण करतं, असं बोरिवलीची मावशी चारचौघांत म्हणाली. सुबोधने कौतुक निमूट पदरात घेतलं. फुकटचं पुण्य कोण नाकारतो?

म्हातारी तशी काटक. बालपण मालवणात गेलं, बाकी सगळं मुंबईत. ऐंशी वर्षांत स्वेटर घालायची वेळ तिच्यावर आली नव्हती. आता ती कानांना मफलर बांधून, पाय पोटाशी घेऊन पडायची. क्षमाला दया आली म्हणा किंवा कुरकुर नकोशी झाली म्हणा, ती रोज झोपायच्या आधी सासूला गरम पाण्याची पिशवी भरून देऊ लागली.

पानांच्या बुडातून फुलांचा दांडा निघाला होता. सुबोधने फोटो टाकला तेव्हा ग्रुपवरच्यांची तोंडं बंद झाली. येत्या रविवारी ते सगळे झाड बघायला घरी येणार होते. चहाबरोबर काय द्यायचं हेसुद्धा त्याने ठरवून टाकलं होतं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात कळ्या पिवळ्या पडून गळू लागल्या. उष्णतेने कळ्या गळतात, हे त्याला पाठ होतं. त्याने एसी वीसवरून अठरावर आणला. तरी गळल्या. मग सोळावर आणला. आई काहीतरी बोलत होती, पण ते त्याने ऐकून घेतलं नाही.

शनिवारी सकाळी तो खोलीत शिरला आणि दारातच थबकला. कुंडीभोवती आईची लोकरीची शाल होती, तान्ह्या बाळाला गुंडाळावं तशी नीट गुंडाळलेली. आत दांड्याला टेकवून गरम पाण्याची पिशवी ठेवली होती. ती अजून कोमट होती. शेवटची कळी शालीच्या घडीत पडली होती.

"आई, हे तू रोज करतेस?"

नलिनी उघड्या पावलांवर ब्लँकेट ओढत होती.

"मगे? माका ब्लँकेट आसा. तेका काय आसा? रातभर गारठता बिचारा."

त्या क्षणी सुबोधला आई नकोशी झाली. त्याने पिशवी बाथरूममध्ये नेऊन रिकामी केली आणि पुन्हा भरायची नाही, असं क्षमाला बजावलं. ग्रुपवर लिहिलं, उद्या येऊ नका, आईची तब्येत बरी नाही. लगेच काळजीचे निरोप येऊ लागले. कुणीतरी हात जोडल्याचं चित्रही पाठवलं.

मग तो पुन्हा खोलीत आला, कपाटावरून रिमोट काढला आणि एसी बंद केला. आता उगाच वीज जाळण्यात अर्थ नव्हता.

घरघर थांबली तशी नलिनीने मान वर करून पाहिलं. मग तिने हात पुढे केला. त्याला वाकावंच लागलं.

"कळली मां तुका माझी थंडी," ती म्हणाली. "देव बरा करो तुझा."

तिचा गार हात गालावरून फिरत होता तेव्हा सुबोध कुंडीकडे बघत होता.