दांडीचा रकाना नाही

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. आज मला पाहिलंत तर ओळखणार नाही. का, ते शेवटी सांगते. आपली कहाणी सांगताना 'मी किती सेवा केली' असं म्हणायची रीत असते. मी सहा वर्षं कुणाची कवडीची सेवा केली नाही, आणि त्यात माझा काडीचाही दोष नव्हता. म्हणून माझं तोंड कडू आहे. गोड ऐकायचं असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पाइप वाकवले, जोडले, वर निळं रेक्झिन ताणून बसवलं. आम्ही एकशेवीस जणी, सगळ्या एकाच मापाच्या. आमच्यावर बसणार कोण, त्यांची घरं कशी, दारं केवढी, हे कुणीही कुणालाही विचारलं नाही. ट्रकात कोंबून आम्हाला गोव्यातल्या साखळी शहरात एका सभागृहात आणलं. तिथे आम्हाला फुकट वाटायचा सरकारी कार्यक्रम होता. हार होते, माइक होता, फोटोवाले होते.

तिथेच मला चंद्रावती भेटली. डिचोली तालुक्यातल्या एका वाड्यावरची, साठीतली बाई. कमरेच्या दुखण्याने तिचे पाय लुळे पडले होते. धरायला काही असलं तर मात्र चार पावलं टाकता यायची. सुनेच्या, म्हणजे रेश्माच्या खांद्याला धरून ती कशीबशी टेबलापर्यंत पोचली.

"खुर्ची ना?" टेबलामागच्या माणसाने मान वर न करता विचारलं.

"खुर्ची नको रे बाबा. मागल्या दारी संडास आसा. तीन पायऱ्यो उतरूच्यो लागतत. थंय धरूक लोखंडाची दांडी घालून दिया. माझी मी जायन."

"मावशी, दांडीचा रकाना नाही. खुर्चीचा आहे." त्याने खूण केली. "जा, तिकडे फोटोला उभ्या राहा."

उभ्या राहा म्हणे! मेल्या, तिला उभं राहता आलं असतं तर ती तुझ्या दारात आली असती का?

घरी आल्यावर रेश्माने भाबडेपणाने माझ्या पाठीला हळदकुंकू लावलं. मग मला मागच्या दाराशी नेलं. पहिल्याच पायरीला मी अडले. कशीतरी उचलून खाली उतरवली, तर संडासाचं दार माझ्याहून चार बोटं अरुंद! त्या दिवशी मी मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या इथे सांगत नाही, तुम्ही लहान आहात.

तेव्हापासून मी सोप्यावर, म्हणजे पुढच्या पडवीत, पडून. मे महिन्यात माझ्यावर कोकमाची सोलां वाळायची, चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं ठेवली जायची. एकदा मांजर व्याली. तेवढाच माझा उपयोग.

आणि चंद्रावती? रेश्मा सकाळी आठच्या बसने कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जायची, ती सहाला परत. मुलगा मुरगावच्या बंदरावर, पंधरवड्याने येणारा. तर सकाळी आठ ते संध्याकाळी सहा चंद्रावती पाणी प्यायची नाही. एक घोटही नाही. प्यायलं तर जावं लागणार, आणि न्यायला कोण? ओठ फुटलेले असायचे. दोनदा लघवीला जळजळ होऊन तापाने फणफणली. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या. वा रे वा!

"आई, पाणी कित्याक पिऊक नाय तुमी?" रेश्मा आल्या आल्या ओरडायची.

"तू येवंदे म्हटला," चंद्रावती म्हणायची. मला ते ऐकवत नसे.

एकदा बांबू बांधून पाहिला. तो पावसात कुजून मोडला आणि चंद्रावती आपटली. चौकातला वेल्डर विठू लोखंडी दांडी घालायला तयार होता. पण संडासही सरकारी योजनेतला. 'भिंतीला भोक पाडलंत तर नोटीस येईल' असं कुणीतरी भरवून ठेवलं होतं, आणि चंद्रावती नोटिशीला भुतापेक्षा जास्त भ्यायची. तिने दांडीसाठी अर्ज केले. एक, दोन, पाच. उत्तर नाही.

"कौल लावलो तर दगडाचो देव पण डावा-उजवा सांगता," ती करवादायची. "हे जिते मनीस, आणि तोंड उघडनत नाय!"

गेल्या मे महिन्यात कार्यालयातून तुषार नावाचा तरुण अधिकारी पडताळणीला आला. खुर्ची वापरात आहे की नाही, एवढंच त्याला लिहायचं होतं. माझ्यावरची सोलां पाहून त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "मावशी, वापरत नसाल तर खुर्ची परत न्यावी लागेल."

"बस रे बाबा, उन्हातसून इलंस," चंद्रावती म्हणाली. रेश्मा त्या दिवशी सुट्टीवर होती. तिने कोकम सरबताचा तांब्याभर पाहुणचार केला. मग आणखी एक तांब्या. मग चंद्रावतीने कागद शोधायला तास लावला. कागद तिच्या उशाखालीच होते.

तुषार चुळबुळू लागला. "मावशी, बाथरूम कुठे आहे?"

"मागल्या दारी. पण खुर्चीत बसान जावचा. पाय जमनीक लावूचो नाय."

"मस्करी करता काय?"

"तुमी माझी सहा वर्सां मस्करी केलात. माका घडीभर करूंदे."

रेश्मा मागच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. गडी जातो कुठे? हसत हसत माझ्यात बसला. पायरीवरून माझं पुढचं चाक घसरलं, तसं त्याचं हसू पळालं. त्याने भिंतीला हात घातला. "अहो, इथे धरायला काहीच नाही!"

"ताच लिव," चंद्रावती म्हणाली. मग त्याला उठू दिलं आणि तो धावत सुटला.

परत आल्यावर त्याने समासात लिहिलं, कारण रकाना नव्हताच: 'खुर्ची अडकते. दांडी हवी.' त्या पोराचा मला राग नाही. बसला तेव्हा त्याला कळलं.

दोन महिन्यांनी दारात टेंपो थांबला. "दांडी इली गे?" चंद्रावतीने आतून विचारलं. टेंपोतून काय उतरलं सांगू? नवीकोरी चाकांची खुर्ची. माझ्याच मापाची. कागदावर छापलं होतं, 'खुर्ची अडकत असल्याच्या तक्रारीवरून दुसरी खुर्ची मंजूर.'

रेश्मा रडायला लागली. चंद्रावती आधी हसली. मग म्हणाली, "विठूक बोलय."

विठू आला. चंद्रावतीने माझ्याकडे बोट दाखवलं. "हिचे पाइप काप आणि दांडी घाल."

"काकी, नोटीस इली तर?"

"येवंदे. दाखवूक नवी खुर्ची आसा. नोटीस वाचूक माझो चश्मो आसा. तू काप."

दुखलं का? दुखलं तर! पण विठूचा हात धरायला मला हात असते तरी मी धरला नसता. आता मी तीन पायऱ्यांच्या कडेला आहे आणि संडासाच्या भिंतीत आहे. सोप्यावरच्या नव्या खुर्चीवर यंदाच्या मे महिन्यातली सोलां वाळताहेत. माझा राग गेलेला नाही. तो मी जपून ठेवलाय.

दांडी बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. चंद्रावतीने तांब्या भरून घेतला आणि घटाघटा सगळा संपवला. मग सावकाश मागच्या दारी आली, मला घट्ट धरलं आणि एक एक पायरी उतरली. तिचा सगळा भार माझ्यावर होता. मी हलले नाही.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी त्या टेबलामागे बसेल. रकाना बघण्याआधी समोरच्या माणसाला विचारा, तुला काय हवं, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. एवढंही जमणार नसेल तर देव करो आणि तुम्हाला चंद्रावती भेटो. ती सरबत फार आग्रहाने पाजते.