चिखलाचा रंग

मी एक नमदा बोलतोय. मेंढीची लोकर तुडवून केलेलं जाड अंथरूण, दोन माणसं शेजारी शेजारी झोपतील एवढं. मला पहिल्यांदा बघणारे लोक एक पाऊल मागे सरकतात. त्यांचा मला राग येत नाही, कारण मीही भेदरलेल्या हातांनीच घडलो.

लोकर होतो तेव्हा मी ओश शहराच्या वरच्या डोंगरात, उमसुनाई म्हातारीच्या माळ्यावर पोत्यात पडून होतो. खाली तिचा मुलगा मिर्झात, सून जायनागुल आणि दोन नाती. चहात मीठ किती घालायचं यावरून सासू-सुनेची रोज बोलाचाली व्हायची आणि मिर्झात दोघींची नक्कल करून त्यांना हसवायचा. मला ते ऐकत पडून राहायला आवडायचं.

त्या वसंतात पाऊस हटेना. घरामागच्या टेकडीला भेग पडली. आधी तिच्यात बोट जायचं, मग अख्खा हात जायला लागला. लोक बघून यायचे आणि घरी येऊन हळू आवाजात बोलायचे. एका दुपारी निरोप आला की सगळ्यांनी लगेच खालच्या शाळेत जायचं. म्हातारी नातींना घेऊन पुढे निघाली. जायनागुल फाटकापाशी पोचली, तेवढ्यात मिर्झात गाय सोडायला मागे वळला.

मग आवाज आला. तो वरून नाही, खालून आला. जमिनीच्या पोटात काहीतरी अवजड सरकत होतं. माळा हलला, छप्पर उचललं गेलं आणि माझं पोतं भेलकांडत जाऊन पॉपलरच्या झाडांत अडकलं. मिर्झातला मात्र कुठलंच झाड मिळालं नाही. काही दिवसांनी माणसांनी त्याला उकरून काढलं.

शाळेच्या वर्गांत आता कुटुंबं राहायला लागली. जायनागुल जेवायची, मुलींच्या वेण्या घालायची, पण बोलायची नाही. रस्त्यावरून ट्रक गेला की मुलींचे दंड आवळून ती पटांगणात धावत सुटायची. दंडांवर वळ उठायचे. हळूहळू मुली टेकडीपेक्षा आईलाच जास्त घाबरू लागल्या आणि आजीच्या पलीकडे जाऊन झोपू लागल्या. आजी रडली नव्हती. ती सगळ्यांना कामं सांगत फिरायची.

माझं पोतं कुणीतरी आणून दिलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की पोरं गार फरशीवर झोपतात, नमदा करू. तिनं मला धुतलं, काठ्यांनी पिंजलं, थोडा भाग रंगवला. पटांगणात काड्यांची लांब चटई अंथरून बायकांनी माझे थर लावले. आता वरची नक्षी मांडायची होती. मेंढ्याची शिंगं, नेहमीची. शेजारच्या बुरमा एजेनं, म्हणजे बुरमाताईनं, लाल लोकर हातात घेतली होती.

जायनागुल भिंतीशी बसली होती. ती उठली, काळ्या लोकरीचा मोठा गुंता उचलला आणि माझ्या एका टोकापासून पसरवत आली. ओंजळी भरभरून. प्रत्येक ओंजळ ठेवली की ती हात असा मागे घ्यायची, जणू चटका बसतोय. काळ्याच्या पुढे तिनं पांढरा एवढासा ठिपका ठेवला, त्याच्यापासून जरा लांब तपकिरी.

बुरमा एजे म्हणाली की असलं अभद्र कोण अंगाखाली घेईल, मुलं दचकून उठतील.

"मांडू दे तिला," उमसुनाई म्हणाली. मग ती माझ्यावर वाकली आणि बराच वेळ बघत राहिली. "पण रंग चुकलाय. चिखल पिवळा होता."

जायनागुलनं नाही म्हणून मान हलवली.

"पिवळाच होता, पोरी. त्याच्या कानांतून मी काढलाय तो."

"येताना काळा होता, अपा." किती दिवसांनी तिचा आवाज निघाला, घोगरा, खरवडल्यासारखा. "तुम्ही येताना नाही बघितला. मी बघितला. हा पांढरा तो, गाईच्या दाव्याशी वाकलेला, आणि हा तपकिरी मी, फाटकात. मी हाक मारली, पण माझीच हाक मला ऐकू आली नाही."

मुलाच्या शेवटच्या क्षणांबद्दल म्हातारीनं कुणाला विचारलं नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. ती गुडघ्यांवर बसली. पिवळी लोकर घेऊन तिनं त्या काळ्याच्या खालच्या कडेनं एक पट्टा मांडला आणि मांडता मांडता रडू लागली. जायनागुल तिच्या शेजारी बसून लोकर सारखी करत राहिली.

माझं खरं मरण पुढे होतं. अंगावर उकळतं पाणी पडलं, चटईसकट मला गुंडाळलं, दोरांनी करकचून बांधलं. आता तुडवायचं. बायका ओळीनं उभ्या राहिल्या आणि पहिली लाथ बसली.

धप्प.

जमीन हादरली. जायनागुल मुलींकडे धावली. धाकटी किंचाळून आजीच्या मागे लपली. बायका थांबल्या. मी आत निवत चाललो होतो. गार झालेली लोकर धरत नाही, तिचा पुन्हा नुसता गुंता होतो. मला वाटलं, आपण संपलो.

उमसुनाईनं सुनेला हाताला धरून परत आणलं. "हा आवाज टेकडीचा नाही," ती म्हणाली. "आमच्या पायांचा आहे. तू काढून बघ. नको वाटला तर थांब, आम्ही सगळ्या थांबू."

जायनागुल गुंडाळीपाशी येऊन उभी राहिली. मग तिनं पाय उचलला. पहिली लाथ मला कळलीसुद्धा नाही. दुसरी लागली. मग ती अशी तुडवू लागली की माझा जीव कासावीस झाला. दात आवळून, डोळे मिटून, मध्येच थांबून, पुन्हा. तिला थांबता येतंय हे तिच्याही लक्षात आलं असावं, कारण पुढे पुढे ती मुद्दाम थांबू लागली आणि आपण होऊन सुरू करू लागली. मोठी मुलगी आली आणि आईचा हात धरून तीही तुडवू लागली.

मला उलगडलं तेव्हा काळा, पिवळा, पांढरा एकमेकांत घट्ट रुतले होते. आता कुणाला वेगळे करता आले नसते. तपकिरी ठिपका तिथेच होता.

पुढच्या आठवड्यांत इतर बायकांनीही आपापले नमदे मांडले. बुरमा एजेनं तर छप्पर नसलेलं घर मांडलं.

भीती गेली म्हणून सांगू नका कुणाला. आता आम्ही खालच्या सपाट जागेवर नव्या घरात राहतो, तरी पाऊस लागला की जायनागुलचा श्वास वर चढतो. पण आता ती मुलींचे दंड धरत नाही. ती माझ्यावर येऊन बसते आणि म्हणते, "मला भीती वाटतेय. बसा माझ्याजवळ." मुली बसतात. म्हातारी चहा आणते, हल्ली त्यात मीठ फारच जास्त असतं, आणि कुणी काही म्हणत नाही.

मी जुना होत चाललोय, कडा विरल्यात. पाहुणे आले की कुणीतरी भिडेखातर माझी घडी घालायला येतं, काळी बाजू आत जाईल अशी. एवढंच मागणं आहे की तसं करू नका. मला उघडा राहू द्या, उन्हात घाला. दडवून ठेवलेल्या लोकरीला कसर लागते.